शहाणपणाची जबाबदारी एकट्या वृद्धांची नाही

‘डिजिटल अरेस्ट’च्या, म्हणजे पोलीस असल्याची बतावणी करून व्हिडिओ कॉलवर केलेल्या खोट्या अटकेच्या, धाकाने एखाद्या निवृत्त माणसाची जन्माची पुंजी गेली, की लोक त्यालाच विचारतात : एवढे शिकलेले असून फसलात कसे? फसतो तो अडाणी किंवा लोभी, हे या प्रश्नातले गृहीतक खोटे आहे. २०२४ मध्ये वर्धमान उद्योगसमूहाचे ८२ वर्षांचे अध्यक्ष एस. पी. ओसवाल यांना भामट्यांनी सर्वोच्च न्यायालयाची बनावट ऑनलाइन सुनावणी दाखवून सात कोटी रुपयांना लुबाडले. त्यांना अडाणी कोण म्हणेल? हा सापळा भीतीवर चालतो. जन्मभर पोलीस ठाण्याची पायरी न चढलेल्या सरळमार्गी माणसाला अटकेच्या नुसत्या नावाने धडकी भरते. त्यात व्हिडिओ कॉल बंद करायचा नाही, घरच्यांशी बोलायचे नाही, असा दम दिलेला असतो. शिकलेली सावधगिरी नेमक्या त्याच वेळी पांगळी होते.

म्हणून जनजागृती हवी, पण तेवढ्यावर भागणार नाही. सायबर फसवणुकीची तक्रार करण्यासाठीचा १९३० हा मदतक्रमांक उपयोगी आहे. मात्र तिथे फोन होईपर्यंत पैसे भाड्याने घेतलेल्या खात्यांतून पुढे सरकलेले असू शकतात. भामट्याचे बळ घाईत आहे, तेव्हा उपायही वेळ मिळवून देणारा हवा. मुदत ठेव मोडून मोठी रक्कम अनोळखी खात्यात जात असेल, तर बँकेने ती एक दिवस थांबवावी आणि खातेदाराने आधीच नेमलेल्या विश्वासू व्यक्तीला कळवावे.

यावर आक्षेप येईल, की हा वृद्धांच्या स्वातंत्र्यावर घाला आहे. उद्या रुग्णालयाचे बिल अडले तर? पण ही सोय खातेदाराने स्वतः निवडायची आहे, आणि रुग्णालयासारखी खाती आधीच नोंदवून ठेवता येतील. दुसरा आक्षेप बँकांचा : पैसे ग्राहकानेच पाठवले, आमचा काय दोष? दोष असा, की चोरीचा पैसा ज्या खात्यात उतरतो, तेही कुठल्यातरी बँकेनेच केवायसी करून उघडलेले असते. ब्रिटनने ऑक्टोबर २०२४ पासून अशा फसवणुकीत ८५ हजार पौंडांपर्यंतची भरपाई पाठवणाऱ्या आणि स्वीकारणाऱ्या संस्थांवर निम्मी-निम्मी टाकली आहे. तोशीस स्वतःला लागली, की संशयास्पद खाते शोधण्याची निकड बँकेलाही वाटते. आपल्याकडे मात्र दमदाटीला बळी पडून स्वतःच्या हाताने पैसे पाठवणाऱ्याला अशा हमखास भरपाईचा आधार नाही. तो रिझर्व्ह बँकेने द्यावा. आणि तोवर घरातल्यांनी एवढे करावे : फसलेल्या वडीलधाऱ्यांना दोष देऊ नये. बोलणी खावी लागतील या धास्तीने ते गप्प राहतात, आणि पैसे अडवण्याची वेळ त्या गप्प राहण्यातच निघून जाते.