बोरीबंदर ते पालवा बंदर

परगावाहून एका दिवसासाठी आलेल्या स्नेह्याला मुंबई दाखवायची म्हटली की यजमानापुढे प्रथम स्थळांची यादी उभी राहते. सिद्धिविनायक, हाजी अली, राणीची बाग, मलबार हिल आणि शेवटी जुहूची चौपाटी असा हा क्रम ‘मुंबई दर्शन’च्या बसगाड्यांनी रूढ केला असून, त्यात दिवसाचा मोठा भाग वाहतुकीच्या कोंडीत सरतो आणि प्रत्येक ठिकाणाच्या वाट्याला मोजकी मिनिटे येतात. वेळ थोडा असेल आणि शहर समजून घ्यायचे असेल, तर बोरीबंदरपासून पालवा बंदरावरील गेटवे ऑफ इंडियापर्यंत दोघांनी पायी जावे, हे अधिक श्रेयस्कर.

या पट्ट्याला कोट किंवा फोर्ट म्हणतात, कारण ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातील मुंबई येथे तटबंदीच्या आत वसलेली होती. तटाबाहेरची जमीन तोफांचा मारा अडू नये म्हणून मोकळी राखली जाई, आणि आझाद मैदान, क्रॉस मैदान व ओव्हल ही आजची मैदाने त्या मोकळ्या जागेचेच अवशेष आहेत. गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत, १८६२ नंतर, हा तट पाडण्यात आला. त्याच सुमारास अमेरिकेतील यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेनासा झाला, मुंबईच्या कापसाला अमाप भाव आला आणि नव्या इमारतींना लागणारा पैसा शहरात खेळू लागला. गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ मध्ये प्रसिद्ध झाले, म्हणजे जुनी मुंबई मोडून नवी घडत असतानाच एका मराठी लेखकाने तिची नोंद करून ठेवली. फेरीला निघण्यापूर्वी या ग्रंथाची काही पाने वाचणे कोणत्याही माहितीपुस्तिकेपेक्षा उपयोगाचे ठरेल.

१६ एप्रिल १८५३ रोजी पहिली प्रवासी आगगाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली, आणि तेथेच पुढे १८७८ पासून दहा वर्षे खपून फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस उभारले. ही वास्तू गॉथिक पुनरुज्जीवन शैलीची, म्हणजे टोकदार कमानी, मनोरे आणि कोरीवकाम यांवर भर देणाऱ्या मध्ययुगीन युरोपीय पद्धतीचे एकोणिसाव्या शतकातील नवे रूप आहे. तरी तिच्या भिंतींवरील प्राणी, पक्षी आणि पानाफुलांच्या नक्षीत जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. प्रवेशद्वाराच्या खांबांवर ब्रिटनचे प्रतीक म्हणून सिंह आणि भारताचे प्रतीक म्हणून वाघ बसवलेला आहे. रोज येथून ये-जा करणारा मुंबईकर सबवेतून वर येतो, इंडिकेटरकडे पाहतो आणि लोकल गाठतो, त्यामुळे हा वाघ त्याच्या नजरेस क्वचितच पडतो. पाहुणा मात्र थांबतो, मान वर करतो, विचारतो, आणि उत्तर शोधण्यासाठी यजमानालाही थांबावे लागते. मित्रासोबत शहर पाहण्यातला खरा लाभ हाच आहे, आणि तो पाहुण्यापेक्षा यजमानाला अधिक होतो.

हुतात्मा चौकात, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात प्राण दिलेल्यांच्या स्मारकापाशी, काही काळ थांबून ओव्हल मैदानाकडे वळावे. मुंबईतील सर्वांत मोलाचे दृश्य गेटवेचे नव्हे, ते येथे आहे. मैदानाच्या पूर्वेला उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर या एकोणिसाव्या शतकातील गॉथिक वास्तू आहेत. टॉवरसाठी कापसाच्या तेजीत गब्बर झालेल्या प्रेमचंद रायचंद यांनी पैसा दिला, त्याला त्यांच्या आईचे नाव मिळाले, आणि त्याचा आराखडा करणारे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट मुंबईला कधी आलेही नाहीत. पश्चिमेला, समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवर, १९३० च्या दशकातील आर्ट डेको इमारतींची रांग आहे; गोलाकार गच्च्या, आडव्या पट्ट्या आणि भूमितीय नक्षी ही या शैलीची ओळख असून चर्चगेटजवळचे इरॉस चित्रपटगृह (१९३८) तिचा ठळक नमुना आहे. दोन शतकांच्या वास्तू एका मैदानाच्या दोन कडांना समोरासमोर उभ्या असल्यामुळेच २०१८ मध्ये युनेस्कोने त्यांचा एकत्रित समूह जागतिक वारसा यादीत घेतला. क्रिकेट खेळणाऱ्या मुलांच्या बाजूने मैदान ओलांडताना दोन्हीकडे पाहत जावे; या एका चालीत जे कळते ते बसच्या खिडकीतून कळणार नाही.

काळा घोडा परिसरातून पुढे गेल्यावर जॉर्ज विटेट यांनी आखलेले, १९२४ मध्ये पूर्ण झालेले गेटवे लागते. राजा पंचम जॉर्जच्या १९११ मधील आगमनाचे स्मारक म्हणून ते बांधले गेले, आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश फौजेची अखेरची तुकडी त्याच कमानीतून परत गेली.

गेटवेपासून घारापुरीच्या लेण्यांकडे लाँच सुटतात, म्हणून उरलेल्या वेळात तीही उरकून घेण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा, कारण जाण्यायेण्यातच सुमारे दोन तास जातात आणि लेण्यांतील भव्य सदाशिव मूर्तीसमोर घाईने उभे राहणे हा तिच्यावर अन्याय आहे. घारापुरीसाठी पाहुण्याला पुन्हा बोलवावे आणि सोमवार सोडून बोलवावे, कारण त्या दिवशी लेणी बंद असतात.