तेल प्यायलेले पॅड

पावसाळा सरला की एक तक्रार गॅरेजात हमखास येते: “पुढचा ब्रेक लागत नाही, जरा पॅड घासून द्या.” पॅड काढावेत तर जाडी भरपूर, पण तोंड काळंकुट्ट आणि चकचकीत. मग आपल्यातले बरेच जण ठरलेले उपाय करतात. पेट्रोलमध्ये बुडवणं, पॉलिश पेपर मारणं, नाहीतर गॅसच्या ज्योतीवर धूर संपेपर्यंत भाजणं. गल्लीत एक चक्कर, ब्रेक लागतो, गिऱ्हाईक खूश.

घाटात तो ब्रेक टिकत नाही. ऑरगॅनिक पॅडचं मटेरियल रेझिनने बांधलेलं, सच्छिद्र असतं. तेल आत मुरतं आणि पेट्रोलने फक्त वरचा थर निघतो. आंबेनळी उतरताना पॅड तापला की आतलं तेल पुन्हा तोंडाशी येतं. भाजण्यात आणखी एक गोम आहे. मटेरियल लोखंडी पट्टीला चिकटवणारा थर ज्योतीने कमजोर होतो. काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीनयुक्त द्रावक असतो. तो मारून लगेच ज्योत लावली तर फॉस्जीनसारखा विषारी वायू तयार होऊ शकतो. सिंटर्ड पॅड भाजून चालतो, असं सांगणारे जुने कारागीर आहेत. पण तोही सच्छिद्रच. आडरानात अडकलेल्याला हळूहळू घर गाठता यावं, एवढ्यापुरतं ते ठीक. पैसे घेऊन करायचं काम ते नव्हे. पॅड बदला, आणि जोडीने बदला. “एबीएस आहे ना?” असं विचारणाऱ्याला सांगा की एबीएस चाक जाम होऊ देत नाही, पॅडला नसलेली पकड तो कुठून आणणार?

मात्र पॅड बदलून काम संपलं असं समजणं, ही आपल्या धंद्यातली मोठी खोट आहे. तेल आलं कुठून, ते आधी शोधा. फोर्क पाइपवर सीलच्या वर तेलाचं कडं दिसतं का? कॅलिपरखाली धुळीचा चिकट लगदा साचलाय का? कोकणातल्या गाड्यांच्या पाइपवर गंजाचे बारीक खड्डे पडलेले असतात. नखाला टोचणारा खड्डा तसाच ठेवून सील बदललं, तर नवं सीलही थोड्याच दिवसांत फाटतं. फोर्क कोरडा असेल तर पिस्टन सीलमधून ब्रेक ऑइल झिरपतंय का ते बघा. तेही कोरडं असेल तर गिऱ्हाइकाला विचारा, गाडी कुठे धुतली? धुऊन झाल्यावर चकाकीसाठी डिझेलचा फवारा मारणारी वॉशिंग सेंटरं काही कमी नाहीत. मागच्या डिस्कवर तेल असेल तर संशय चेनच्या स्प्रेवर घ्यावा.

डिस्क सहसा टाकावी लागत नाही. ब्रेक क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ फडकं पुरतं. फडकं काळं यायचं थांबेपर्यंत पुसा. रॉकेल-डिझेल नको, त्याचा तेलकट थर मागे राहतो. कॅलिपरच्या रबरी सीललाही पेट्रोल किंवा साधं ग्रीस लावू नका; ग्लायकोलवर चालणाऱ्या ब्रेकचं रबर त्याने फुगतं आणि पिस्टन अडकतो.

नवे पॅड बसले की आधी लिव्हर दाबून पिस्टन पुढे आणा, मगच गाडी हलवा. पहिले काही किलोमीटर जोरात ब्रेक मारू नका, हे गिऱ्हाइकाला तोंडी सांगा आणि जॉब कार्डवरही लिहा. काढलेले पॅड त्याला दाखवून त्याच्यासमोरच हातोडीने फोडा. अख्खे पॅड कोपऱ्यातल्या डब्यात पडले, की गर्दीच्या दिवशी हाताखालचा पोरगा तेच दुसऱ्या गाडीला लावतो.