विजेचीं टंकलेखनयंत्रें आणि त्यांचे निंदक

जुन्या टंकलेखनयंत्रांचे दिवस अलीकडे पुन्हां फिरले आहेत. कॉर्मॅक मॅकार्थी या अमेरिकन कादंबरीकाराचें ऑलिव्हेट्टी लेटेरा ३२ हें हातयंत्र २००९ सालीं लिलांवांत अडीच लाख डॉलरांच्या वर गेलें. टॉम हँक्स या नटानें २०१७ सालीं एक आख्खा कथासंग्रह लिहिला, आणि त्यांतील कथाकथांतून कोठें ना कोठें टंकलेखनयंत्र डोकावत राहतें. ऑलिव्हेट्टीचेंच तांबडेंभडक 'व्हॅलेंटाइन' (१९६९) तर न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयांत जाऊन बसलें आहे. याबद्दल आमची कांहींच तक्रार नाहीं. गुणी वस्तूचें कौतुक उशिरां झालें तरी तें कौतुकच. आमची तक्रार आहे ती या कौतुकाच्या पंगतींतून एका संबंध कुळाला उठवून लावल्याबद्दल. तें कूळ म्हणजे विजेवर चालणारीं टंकलेखनयंत्रें. हातयंत्राचे भक्त त्यांचें नांव निघतांच नाक मुरडतात, आणि संगणकाचे भक्त त्यांना ओळखतही नाहींत. त्यामुळें स्वर्गही नाहीं आणि पृथ्वीही नाहीं अशी त्यांची त्रिशंकूची अवस्था झाली आहे.

निंदकांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, भिंतींतल्या विजेची तार जोडली कीं यंत्रांतला माणूस संपला. हातयंत्रावर लेखकाच्या बोटाचें बळ कागदापर्यंत पोंचतें, विजेच्या यंत्रावर तें मोटारींत अडकून पडतें. हातयंत्राचें अक्षर जिवंत, विजेचें अक्षर मढ्यासारखें एकसारखें. शिवाय हीं सारीं कचेरीचीं यंत्रें, वाङ्मयाशीं त्यांचा संबंध काय? हें सर्व ऐकावयास गोड लागतें. परंतु ज्यांनीं असलें एखादें यंत्र उघडून त्याच्या पोटांत डोकावून पाहिलें आहे, त्यांच्या तोंडून हें आम्हीं अजून ऐकलेलें नाहीं.

वीज या यंत्रांत करते तरी काय? आयबीएमच्या दांड्यांच्या यंत्रांचें उदाहरण घेऊं. यंत्राच्या पोटांत रबराचें वेष्टन असलेला एक रूळ मोटारीनें अखंड फिरत असतो. कळ दाबली कीं एक लहानसा तुकडा त्या रुळावर टेकतो, रूळ त्याला झटका देतो, तो झटका अक्षराच्या दांडीला मिळतो आणि दांडी कागदावर आपटते. निवड बोटाची, बळ रुळाचें. ही युक्ति जेम्स स्मॅदर्स या अमेरिकन गृहस्थानें गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत साधली. तिच्यावर उभा राहिलेला 'इलेक्ट्रोमॅटिक'चा धंदा आयबीएमनें १९३३ सालीं विकत घेतला आणि १९३५ पासून तें यंत्र आपल्या नांवानें बाजारांत आणलें. म्हणजे वीज येथें भाता हालविणाऱ्या गड्याचें काम करते, याहून अधिक कांहीं नाहीं. आमच्या संगीत रंगभूमीवर ज्या पायपेटीनें एक जमाना गाजविला, तिचा भाता पायांऐवजीं मोटारीनें हालविला असता तर सूर मोटारीनें लावला असें कोणी म्हटलें असतें काय?

आणि बोटाचें बळ कागदावर पोंचतें म्हणजे नेमकें काय पोंचतें, हेंही एकदां विचारलें पाहिजे. आम्हीं टंकलेखन शिकलों तें हातयंत्रावर, तीस शब्दांची व मग चाळीस शब्दांची परीक्षा देण्यासाठीं. त्या वर्गांत कोणाच्याही कागदावर पोंचत असे ती करंगळीची दुबळाई. इंग्रजी कळफलकावर 'ए' हें अक्षर डाव्या करंगळीखालीं येतें. तें भाषेंत पदोपदीं लागतें आणि सर्वांत फिकें उमटतें. तर्जनीखालचीं अक्षरें मात्र कागद फाडूं पाहतात. याला लेखकाचें व्यक्तिमत्त्व म्हणावयाचें असेल तर लंगडणाऱ्या माणसाच्या चालीला नृत्य म्हणण्यासही हरकत नाहीं. ज्याला आपल्या हाताचा ठसा कागदावर हवा आहे त्यानें टांक उचलावा. त्यासाठीं टांक आहे. छापखान्याच्या अक्षराचें अनुकरण करणाऱ्या यंत्राकडून एकसारखेपणाची अपेक्षा करावयाची नाहीं तर कशाची? त्यांत भर कार्बनप्रतींची. पांचसहा कागद एकावर एक घालून हातयंत्रावर बडवीत बसलेल्या कारकुनाच्या मनगटाला विचारा. विजेच्या यंत्रावर ठोक्याचा जोर एका चकतीनें वाढवितां येतो आणि शेवटची प्रतही वाचतां येते. श्रमाचें सौंदर्य दुसऱ्याच्या मनगटावर पाहणें सोपें असतें!

परंतु या कुळाचा खरा अभिमान वाटावा असें यंत्र म्हणजे सिलेक्ट्रिक. ३१ जुलै १९६१ रोजीं आयबीएमनें तें बाजारांत आणलें, आणि टंकलेखनयंत्राची शंभर वर्षांची समजूत एका दिवसांत उलटली. दांड्या नाहींत, सरकणारें कॅरेज नाहीं. कागद जागच्या जागीं राहतो आणि अक्षरांचा एक लहानसा चेंडू त्याच्यापुढून नाचत जातो. कल्पना अगदींच निराधार नव्हती; ब्लिकेन्सडर्फरनें १९०२ सालीं विजेवर चालणारें चक्राच्या अक्षरांचें यंत्र काढलें होतें, पण तें फारसें खपलें नाहीं. सिलेक्ट्रिकच्या चेंडूवर अठ्ठ्याऐंशीं अक्षरें असतात: चार ओळी, प्रत्येकींत बावीस. कळ दाबली कीं ती सहा निवडपट्ट्यांपैकीं कांहींना ओढते व कांहींना सोडते. त्या ओढींची तरफांच्या जोडणींतून बेरीज होते, आणि चेंडू किती कलावा व किती वळावा हें ठरतें. दोन घोड्यांची ओढ एका गाडीवर सारखी वांटणारा जो आडवा दांडा असतो, त्याच तत्त्वावर ही बेरीज चालते. शिफ्ट दाबली कीं चेंडू अर्धा फेरा घेतो. हें सारें सेकंदाला चौदापंधरा वेळां घडूं शकतें, आणि यांत एकही ट्रान्झिस्टर नाहीं. गणित आहे, पण तें लोखंडानें केलेलें आहे.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं. कळफलकाखालीं पोलादी गोळ्यांनीं भरलेली एक नळी असते. तींत मोकळी जागा ठेवलेली असते ती इतकीच कीं, एका वेळीं एकच पट्टी गोळ्यांना बाजूस सारून आंत शिरूं शकेल. दोन कळा एकदम दाबल्या तर दुसरीला वाट मिळत नाहीं. दोन अक्षरांच्या दांड्या एकमेकींत अडकून बसण्याचा जो जुना रोग, त्यावर कोणी इतका साधा उपाय काढला असेल असें हातयंत्राच्या भक्तांना स्वप्नांतही वाटणार नाहीं. यंत्रकलेंतील हा विनोद आहे, आणि उत्तम विनोदासारखाच तो समजल्याखेरीज हंसूं येत नाहीं.

आतां वाङ्मयाशीं संबंध काय, या प्रश्नाविषयीं. हंटर टॉम्पसननें सिलेक्ट्रिकवर लिहिलें, आयझॅक आसिमॉव्हनें सिलेक्ट्रिकवर लिहिलें. त्यांचें लेखन कोणास आवडो वा न आवडो, तें निर्जीव आहे असें त्यांचा शत्रूही म्हणणार नाहीं. रूपाचाच विचार करावयाचा तर सिलेक्ट्रिकचें कवच एलियट नॉइस यानें घडविलें आहे, आणि तें कोणत्याही शिल्पाशेजारीं ठेवावें असें आहे. ज्या एत्तोरे सोट्सासच्या 'व्हॅलेंटाइन'पुढें संग्राहक लोटांगण घालतात, त्याच सोट्सासनें हान्स फॉन क्लीअरबरोबर १९६४ सालीं 'प्राक्सिस ४८' हें विजेचें यंत्र रेखाटलें. आमच्या मतें दोहोंत तेंच सरस आहे: कळफलक खालीं, अंग ताठ आणि रेखीव, दिखाऊपणाचा लवलेश नाहीं. 'व्हॅलेंटाइन' हें खेळण्याच्या दुकानांत शोभेल. 'प्राक्सिस' टेबलाला शोभतें. पण त्याच्या मागें तार लोंबते ना! तेवढ्या तारेपायीं त्याची किंमत भंगाराची.

येथें विजेच्या यंत्रांच्या चाहत्यांनाही दोन शब्द सुनावणें भाग आहे, कारण त्यांच्यांतही एक मूर्तिपूजा माजली आहे. त्यांच्या लेखीं सिलेक्ट्रिक हेंच काय तें यंत्र. सिलेक्ट्रिकची थोरवी आम्हीं वर गाइलीच आहे. परंतु कागदावर उमटलेल्या पानाचें सौंदर्य हीच कसोटी धरली तर आमचा कौल आयबीएमच्याच 'एक्झिक्युटिव्ह'ला आहे. साध्या टंकलेखनयंत्रावर 'आय'ला जितकी जागा तितकीच 'एम'ला; 'एक्झिक्युटिव्ह'मध्यें 'आय'ला दोन घरें आणि 'एम'ला पांच. १९४० नंतरच्या दशकांतलें हें यंत्र असें पान काढतें कीं तें छापखान्यांतून आलें असें वाटावें. साधें सिलेक्ट्रिक हें कधींच करूं शकलें नाहीं. त्यासाठीं १९६६ सालीं 'कंपोझर' नांवाचें निराळें महागडें यंत्र काढावें लागलें. 'एक्झिक्युटिव्ह'ची सेवा मात्र कडक. अंतर सोडण्याची पट्टी दोन तुकड्यांची, एक दोन घरांची व एक तीन घरांची. आणि चूक सुधारावयाची तर मागें जातांना पुसलेलें अक्षर किती घरांचें होतें हें ध्यानांत ठेवावें लागतें. शिवाय कॅरेज परत फिरतांना टेबल हादरतें. तरीही ज्याला अक्षराची चाड आहे त्यानें एकदां त्याचें पान उजेडापुढें धरून पाहावें.

स्मिथ-कोरोनानें १९५७ सालीं काढलेलें हातांत नेण्याजोगें विजेचें यंत्र या दोघांपुढें सामान्यच. त्याचें पहिलें रूप तर असें कीं अक्षर विजेनें उमटे आणि कॅरेज हातानें ओढावें लागे. परंतु विद्यार्थ्याच्या खोलींत वीज नेली ती त्यानें. १९७३ च्या 'करेक्टिंग सिलेक्ट्रिक'ची चूक उचलून घेणारी कळ पुष्कळांना वरदान वाटली. आम्हांला ती आवडत नाहीं, पण सवयीचा भाग म्हणून तो वाद येथें घालीत नाहीं.

एका आक्षेपांत तथ्य आहे. विजेचें यंत्र चालूं केलें कीं गुणगुणत राहतें, आणि लेखक विचार करीत बसला असतां तें गुणगुणणें तगाद्यासारखें वाटतें. शिवाय वीज गेली कीं यंत्र मुकें. महाराष्ट्रांत भारनियमनाच्या वर्षांत ज्यांनीं दिवस काढले त्यांना हें सांगावयास नको; न्यायालयाच्या आवारांत झाडाखालीं बसणाऱ्या टंकलेखकाला तर हातयंत्रावांचून गत्यंतरच नव्हतें. गोदरेजनें १९५५ सालीं मुंबईंत भारतीय बनावटीचें पहिलें टंकलेखनयंत्र तयार केलें तें हातयंत्रच, आणि या देशाच्या गरजेला तेंच योग्य होतें. पण परिस्थितीनें लादलेली निवड ही सौंदर्याची कसोटी होऊं शकत नाहीं. आगगाडी नव्हती म्हणून बैलगाडीनें गेलों, हें ठीक; म्हणून आगगाडी कुरूप कशी ठरते?

हा वाद केवळ हौशी मंडळींच्या रुचीचा असता तर आम्हीं वाचकांचा इतका वेळ घेतला नसता. गेल्या शतकाच्या उत्तरार्धांतील कागदपत्रांचा फार मोठा भाग या यंत्रांवर लिहिला गेला आहे, आणि त्या कागदांची परीक्षा करावयाची तर यंत्रें जिवंत असावीं लागतात. २००४ सालीं अमेरिकेंत अध्यक्ष बुश यांच्या लष्करी नोकरीविषयींचीं कांहीं टिपणें दूरचित्रवाणीवर झळकलीं. त्यांवर तारखा होत्या १९७२-७३ च्या, आणि अक्षरांना जागा कमीअधिक. असलें पान त्या काळीं कोणत्या यंत्रावर निघूं शकत होतें, यावर सारा वाद फिरला. टिपणें खरीं असल्याचें शेवटपर्यंत सिद्ध करतां आलें नाहीं. तेथें 'एक्झिक्युटिव्ह' आणि सिलेक्ट्रिक यांतील भेद जाणणारा माणूस दहा पंडितांना भारी होता. त्याआधीं, १९८४ सालीं, मॉस्को व लेनिनग्राड येथील अमेरिकन वकिलातींतल्या सोळा सिलेक्ट्रिकांच्या पोटांत रशियनांनीं दडविलेलीं हेरयंत्रें सांपडलीं. चेंडूला वळविणाऱ्या त्याच निवडपट्ट्यांची हालचाल चुंबकीय फरकांवरून टिपून कोणतें अक्षर उमटलें हें तीं कळवीत असत. ज्यांना हें यंत्र निर्जीव वाटतें त्यांच्याहून त्या हेरांना तें अधिक समजलें होतें, असें खेदानें म्हणावें लागतें. एकदांच वापरावयाच्या कार्बनफितीवर तर लिहिलेला मजकूर अक्षरामागून अक्षर तसाच राहतो. इतिहाससंशोधकाला याहून दुसरें कोणतें साधन अधिक बोलकें मिळणार आहे?

आणि आपण या यंत्रांचें करतों काय? आमच्या परिचयाच्या एका महाविद्यालयाच्या कचेरींतून सिलेक्ट्रिक बाहेर निघालें तें किलोच्या भावानें. शेजारच्या खोलींतलें हातयंत्र मात्र पुसून कांचेच्या कपाटांत ठेवण्यांत आलें, कारण तें 'जुनें' दिसत होतें. दोहोंतलें मागाहूनचें आणि नाजूक तेंच. हातयंत्र चाळीस वर्षें धूळ खात पडलें तरी थोड्या तेलानें उठून बसतें. सिलेक्ट्रिकचें वंगण घट्ट होऊन तरफा जखडतात, आणि नंतरच्या नमुन्यांत मोटारीचें बळ पुढें नेणारा प्लास्टिकचा तुंबा कालांतरानें तडकतो. तो तडकला कीं यंत्र गेलें असें समजून लोक तें टाकून देतात. वस्तुतः तो बदलतां येतो. आयबीएमनें १९९१ सालीं हा धंदाच लेक्समार्कच्या स्वाधीन केला, त्यामुळें दुरुस्ती जाणणारे कारागीर आतां म्हातारे झाले आहेत.

परदेशांतील हौशी मंडळींनीं त्रिमितिमुद्रणानें सिलेक्ट्रिकचे नवे चेंडू घडवून ते चालवून दाखविले आहेत. हें वाचल्यापासून आमच्या मनांत एक विचार घोळतो आहे. अठ्ठ्याऐंशीं घरें म्हणजे चव्वेचाळीस कळांच्या यंत्राइतकींच. देवनागरीचें हातयंत्र सुमारें तितक्यांतच अर्धीं अक्षरें आणि मात्रा बसवून आपलें काम करीत आलें आहे. मात्रा उमटतांना चेंडूनें पुढें न सरकणें हीच काय ती अडचण, आणि न सरकणाऱ्या कळा टंकलेखनयंत्रांना नव्या नाहींत. पुण्यामुंबईच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत त्रिमितिमुद्रणाचीं यंत्रें आहेत आणि तीं चालविणारीं हुशार मुलें आहेत. त्यांपैकीं कोणी भंगारवाल्याकडून एखादें सिलेक्ट्रिक सोडवून आणून त्यावर 'क्ष' आणि 'ज्ञ' उमटवून दाखवीत असेल, तर तो चेंडू पाहावयास आम्हीं स्वखर्चानें जाण्यास तयार आहों.