एकच तारीख : १ ऑगस्ट

महिन्याची एक तारीख म्हटली की आपल्या घरात आधी खोलीभाडे, दुधाचा हिशेब आणि किराणावाल्याची वही आठवते. पगार सात तारखेला. मागणारे मात्र एकलाच दारात! पण १ ऑगस्ट या तारखेकडे, बंधुभगिनींनो, जरा निराळ्या नजरेने पाहू या.

त्या दिवशी शाळेत आपली मुले लोकमान्य टिळकांवर आणि अण्णाभाऊ साठ्यांवर भाषणे करतात. एकाची पुण्यतिथी, दुसऱ्याची जयंती. तारीख एक हे सर्वांना ठाऊक. सालही एकच, १९२०, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. मुंबईच्या सरदारगृहात टिळकांनी प्राण सोडला तेव्हा मध्यरात्र उलटून तासही झाला नव्हता. तासभर आधी गेले असते तर पुण्यतिथी ३१ जुलैला पडली असती. गांधीजींचे असहकार आंदोलनही त्याच दिवशी सुरू झाले. आणि त्याच तारखेला वाळवे तालुक्यातल्या वाटेगावी, मातंग वस्तीत, वालुबाई आणि भाऊराव साठे यांच्या घरी तुकाराम जन्मला. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांना त्याची खबर असण्याचे कारणच नव्हते.

हाच तुकाराम आईबापांबरोबर पायी मुंबईला आला, गिरणीत राबला आणि अण्णाभाऊ झाला. शाळा दीडच दिवसाची, असे सांगतात. १९५९ ची ‘फकिरा’ कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. २००२ च्या १ ऑगस्टला त्यांचे चार रुपयांचे टपाल तिकीट निघाले. मुलांना भाषण लिहून देणाऱ्या पालकांना आमचे एवढेच सांगणे, की एकाला पानभर आणि दुसऱ्याला शेवटच्या दोन ओळी असे करू नका.

आता थोडे दूर, वेस्ट इंडीजच्या उसाच्या मळ्यांत जाऊ. इंग्रज साम्राज्यातली गुलामगिरी संपवणारा कायदा १ ऑगस्ट १८३४ ला लागू झाला. त्या दिवशी खरे मोकळे झाले ते सहा वर्षांखालचे पोरगे. बाकीच्यांना म्हटले, तुम्ही आता ‘अप्रेंटिस’! आठवड्याला पंचेचाळीस तासांपर्यंत बिनपगारी काम, जुन्याच मालकाकडे. जन्मभर ऊस तोडलेल्या माणसाला आणखी काय शिकवायचे होते कोण जाणे. तारापूर एमआयडीसीत वर्षानुवर्षे हेल्पर राहिलेल्या वाचकांना हे निराळे समजावून द्यायला नको. नुकसानभरपाई दोन कोटी पौंड ठरली, तीही मालकांना. गुलामांना छदाम नाही. अखेर लोकांच्या रेट्यापुढे चार वर्षांनी, पुन्हा १ ऑगस्टलाच, १८३८ साली ही उमेदवारी मोडली. कंपनी सरकारचा हिंदुस्थान या कायद्यातून मुद्दाम वगळला होता. आपल्याकडचा कायदा १८४३ चा.

प्रीस्टली नावाच्या शास्त्रज्ञाने प्राणवायू वेगळा काढला तोही १ ऑगस्टलाच, १७७४ साली. रात्रपाळीहून नाकाला रुमाल लावून परतणाऱ्या बोईसरकरांनी ही तारीख जरूर पाळावी!

आणि आपला पालघर जिल्हा. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा होऊन तो राज्याचा छत्तिसावा जिल्हा झाला. मुहूर्तही कसा, महसूल दिनाचा. राज्याचे महसुली वर्ष याच तारखेला सुरू होते. सातबारा ज्यांच्या नावावर आहे त्यांचा तो दिवस. आपल्यातल्या भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्यांचा त्याच्याशी संबंध कमीच. पण कलेक्टर कचेरीशी सगळ्यांचाच पडतो. पूर्वी तिच्यासाठी डहाणू-बोईसरहून ठाण्याला जायचे म्हणजे गाडी बदलत दिवस मोडायचा, खाडा पडायचा, आणि साहेब जागेवर नसले की दुसरा खाडा. आता मुख्यालयाची इमारत पालघर-बोईसर रस्त्यावर कोळगावला आहे. पहिल्या पाळीहून सुटलेला माणूस कचेरी बंद व्हायच्या आत तिथे पोचू शकतो. साहेब जागेवर असतात की नाही, ते वाचकांनी कळवावे.