न खेळलेल्याच्या धावा

संघ हरू लागला की गावातला सर्वांत लोकप्रिय खेळाडू कोण, हे शोधायला धावफलक पाहावा लागत नाही. जो राखीव आहे, तोच. विदर्भाचा रणजी मोसम बिघडला की नागपुरात जरीपटक्याच्या पानठेल्यापासून महालातल्या कट्ट्यापर्यंत एकच प्रश्न फिरतो: ‘त्या पोराला का नाही खेळवत भाऊ?’ पोरगा दर मोसमात बदलतो, प्रश्न बदलत नाही. सातासमुद्रापार अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचे प्रेक्षक हाच खेळ आपल्याहून मोठ्या आवाजात खेळतात. तिथे क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हातून प्रत्येक चाल सुरू होते तो. मैदानावर त्याची जागा एकच असते, त्यामुळे दुसरा क्वार्टरबॅक वर्षभर बाकावर बसतो. आणि संघ दोन सामने हरला की सारे गाव त्या बाकाकडे बोट दाखवू लागते. आपल्याकडे त्याच्या सगळ्यांत जवळचा माणूस यष्टिरक्षक. दोन यष्टिरक्षक एकाच वेळी यष्टीमागे उभे करता येत नाहीत. फलंदाज, गोलंदाज यांच्या जागा थोड्या सैल असतात, पण ओरड तीच. या ओरडीमागच्या रागाबद्दल माझी तक्रार नाही. त्या रागाला क्रिकेटचा निर्णय समजले जाते, ती चूक आहे.

बिघडलेला काळ कोणता, ते आधी नीट आठवू. 2017-18 आणि 2018-19 असे लागोपाठ दोन रणजी करंडक विदर्भाने जिंकले. त्यानंतर 2019-20 मध्ये बाद फेरी हुकली. पुढच्या वर्षी कोरोनामुळे स्पर्धाच झाली नाही. 2021-22 आणि 2022-23 मध्ये पुन्हा उपांत्यपूर्व फेरीच्या आधीच घरी परतणे नशिबी आले. संघ तोच, खेळाडू बरेचसे तेच, आणि करंडकाची सवय लागलेले प्रेक्षक मात्र नवे. अशा वेळी जो खेळतो त्याचे प्रत्येक अपयश मोजले जाते: किती धावा, किती षटके, कोणता झेल सुटला. बाकावरच्याच्या नावापुढे काहीच नसते, आणि त्या कोऱ्या जागेत आपण आपल्या मनाच्या धावा लिहितो. खेळणाऱ्याच्या खऱ्या 12 धावा आणि न खेळणाऱ्याच्या कल्पनेतल्या 80 धावा समोरासमोर ठेवल्या तर निकाल काय लागणार? या तुलनेत राखीव खेळाडू कधीच हरत नाही, म्हणूनच ती तुलना निरुपयोगी आहे. त्यात रणजीच्या साखळी सामन्याला जामठ्याचे स्टेडियम बहुतेक रिकामे असते. ज्याला खेळवा म्हणून हट्ट चालतो, त्याला टाकताना वा मारताना पाहिलेले डोळे फार थोडे. स्थानिक गुजदर लीगमध्ये त्याने काय केले, तेवीस वर्षांखालील मुलांच्या सी. के. नायुडू करंडकात तो कुणासमोर कसा खेळला, हे विचारा. ठेल्यावर शांतता पसरते.

यावर पहिला आणि सगळ्यांत दणकट आक्षेप एका नावाचा आहे: रजनीश गुरबानी. सिंधी वस्तीच्या जरीपटक्यात तर हे आडनाव आपल्याच घरचे वाटावे असे. अभियांत्रिकीची पदवी घेतलेला हा नागपूरचा मध्यमगती गोलंदाज 2017-18 मध्ये विदर्भाच्या नऊपैकी सहाच सामन्यांत खेळला आणि त्याने 39 बळी घेतले. ईडन गार्डन्सवरच्या उपांत्य सामन्यात कर्नाटकाविरुद्ध त्याने बारा बळी घेतले, त्यांतले सात दुसऱ्या डावात, आणि विदर्भ पाच धावांनी जिंकला. इंदूरच्या अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध त्याने हॅट्ट्रिक घेतली. रणजीच्या अंतिम सामन्यात त्याआधी अशी हॅट्ट्रिक फक्त तमिळनाडूच्या कल्याणसुंदरमला साधली होती, 1972-73 मध्ये. (हॅट्ट्रिकचा तिसरा बळी होता 145 धावांवर खेळणारा ध्रुव शौरी, जो पुढे विदर्भाच्याच संघात आला. क्रिकेटला विनोदबुद्धी आहे.) आक्षेप असा की गुरबानी बाहेरच बसला असता तर? आणि त्याच अंतिम सामन्यात आदित्य ठाकरे हा कोवळा गोलंदाज थेट प्रथमश्रेणी पदार्पण करतो, तेही चालले ना? चालले, आणि उत्तम चालले. पण ही उदाहरणे ज्या बाजूने मांडली जातात तिच्याच विरुद्ध साक्ष देतात. गुरबानी कोरी पाटी नव्हता. त्याचे रणजी पदार्पण आदल्या मोसमातच झालेले होते. चंद्रकांत पंडित प्रशिक्षक आणि फैज फजल कर्णधार असलेल्या त्या संघाला तो नेटमध्ये रोज दिसत होता. ठाकरेला जागा मिळाली ती उमेश यादव भारतीय संघासोबत असल्याने. दोन सामने हरल्याच्या धास्तीने कुणी त्याला ढकलले नव्हते. मुख्य म्हणजे हे सारे जिंकणाऱ्या संघात घडले. बाकी संघ जागच्या जागी असताना एक नवा माणूस बसवणे सोपे असते. घर गळत असताना नवे दार बसवून पाऊस थांबत नाही.

अमेरिकेतला दाखलाही त्याच सुमाराचा आहे, हा योगायोग मोठा गोड. विदर्भाने इंदूरला करंडक जिंकला 1 जानेवारी 2018 ला. 8 जानेवारीला कॉलेज फुटबॉलच्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात अलाबामा संघ मध्यंतराला जॉर्जियाच्या 13-0 मागे होता. प्रशिक्षक निक सेबनने जेलन हर्ट्सला बसवले आणि तुआ टॅगोवायलोआ या पहिल्या वर्षाच्या पोराला आत पाठवले. अलाबामा जादा वेळेत 26-23 ने जिंकले. राखीव क्वार्टरबॅकच्या चाहत्यांना यापेक्षा मोठा पुरावा हवा तरी कशाला? पण गोष्ट तिथे संपत नाही. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये टॅगोवायलोआ जायबंदी झाला, बाकावरून हर्ट्स उठला आणि त्याच जॉर्जियाविरुद्ध मागे पडलेला सामना त्याने जिंकून दिला. पुढे हर्ट्स दुसऱ्या विद्यापीठात गेला, व्यावसायिक झाला आणि फेब्रुवारी 2025 मध्ये सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. ज्याला ‘हा कामाचा नाही’ म्हणून बसवले तो बिनकामाचा नव्हता. त्या एका मध्यंतराला त्याची जागा दुसऱ्याला देणे बरोबर होते, एवढेच त्या निर्णयातून सिद्ध होते. आपण मात्र प्रत्येक बदलाचा अर्थ एकाची हकालपट्टी आणि दुसऱ्याचा राज्याभिषेक असा लावतो.

यष्टिरक्षकाचे उदाहरण तर आपल्या दारातच आहे. अमरावतीच्या जितेश शर्माने 27 मे 2025 ला लखनौत 33 चेंडूंत नाबाद 85 धावा करून आयपीएलमध्ये बेंगळुरूला 228 चे लक्ष्य गाठून दिले. अशी खेळी पाहिली की ‘हा माणूस रणजीत विदर्भाच्या यष्टीमागे का नव्हता’ हा प्रश्न साहजिक होता. पण रणजीत ती जागा अक्षय वाडकरची होती. दिल्लीविरुद्धच्या त्या अंतिम सामन्यातली 133 धावांची खेळी हे त्याचे पहिले प्रथमश्रेणी शतक. 2024 मध्ये वानखेडेवर मुंबईने 538 चे अशक्य लक्ष्य दिले तेव्हा कर्णधार म्हणून चौथ्या डावात शतक ठोकणारा तोच. वीस षटकांत सामना फिरवणे आणि चार-पाच दिवस यष्टीमागे वाकून उभे राहत डाव सावरणे हे दोन वेगळे धंदे आहेत. एका धंद्यातली कीर्ती दुसऱ्यात हुंडीसारखी वटवता येत नाही. जितेश लहान ठरतो असे मुळीच नाही. चुकीचा ठरतो तो प्रश्न.

आता जरा अवघड आक्षेप. मोसम गेलेलाच आहे, मग गमावण्यासारखे काय उरले? खेळवा की पोराला. यात तथ्य आहे आणि ते मी नाकारत नाही. बाद फेरीची आशा संपल्यावरही तेच अकरा जण खेळवत राहणे हा निवडीचा आळस आहे. पण ‘गमावण्यासारखे काही नाही’ हे पुरते खरे नव्हे. एलिट गटाच्या तळाशी गेलेल्या संघाला प्लेट गटात उतरावे लागते. शिवाय जो गमावतो तो बहुधा तो पोरगाच असतो. हिरव्या खेळपट्टीवर एका सामन्यात दोन भोपळे, आणि ज्यांनी त्याच्या नावाने आरोळ्या दिल्या तेच पुढच्या सोमवारी तिसरे नाव घेऊन हजर. म्हणून खेळवायचे तर निदान तीन-चार सामने खेळवा, आणि तसे आधी जाहीर करा. हे मान्य नसेल तर ती संधी नव्हे, बळी देणे झाले.

दुसरा अवघड आक्षेप वशिल्याचा. भारतीय क्रिकेटमध्ये वशिला चालतच नाही असे म्हणण्याइतका भाबडेपणा माझ्यात नाही. पण वशिल्याविरुद्धचे हत्यार आकडे आणि निकष हे आहे. ‘आमच्या गल्लीतला पोरगा घ्या’ ही मागणीही वशिलाच, फक्त गर्दीचा. ‘बाहेरचे’ खेळाडू आणून आमच्या पोरांच्या जागा खाल्ल्या, ही तक्रार याच पोटातली. चाळिशी ओलांडलेल्या वसीम जाफरने 2018-19 च्या मोसमात 1037 धावा काढल्या. त्या जागेवर एखादा नागपूरकर किती काढू शकला असता, हे पुन्हा कल्पनेतले गणित. 2025 च्या अंतिम सामन्यात जामठ्यावर केरळविरुद्ध विदर्भाची 3 बाद 24 अशी घसरगुंडी झाली. तेव्हा पहिलाच रणजी मोसम खेळणाऱ्या दानिश मालेवारने 153 धावा केल्या. दुसऱ्या टोकाला कर्नाटकातून आलेला करुण नायर होता आणि दोघांनी 215 धावा जोडल्या. नायरमुळे मालेवारची जागा गेली नाही. त्याला टेकण्यापुरती भिंत मिळाली.

राखीव खेळाडू घडतो कसा, याचे उत्तर मला हर्ष दुबेच्या वाटचालीत दिसते. 2022-23 च्या त्याच निराशाजनक मोसमात हा डावखुरा फिरकी गोलंदाज संघात आला, तेव्हा आदित्य सरवटे हाच विदर्भाचा मुख्य डावखुरा फिरकीपटू होता. कुणी कुणाला बसवले नाही. जानेवारी 2023 मध्ये जामठ्यावर पहिल्या डावात 74 धावांत कोसळलेल्या विदर्भाने गुजरातला 73 चे लक्ष्य दिले आणि 54 धावांत गुंडाळले. रणजीच्या इतिहासात इतके छोटे लक्ष्य कुणी राखले नव्हते. सरवटेने सहा बळी घेतले, 17 धावांत, दुबेने तीन. थोरल्याशेजारी धाकटा टाकत होता आणि मोसम तरीही फसलाच. पुढच्या वर्षी मुंबईविरुद्धच्या अंतिम सामन्यात दुबेने एका डावात पाच बळी घेतले आणि चौथ्या डावात वाडकरसोबत 65 धावा काढल्या; विदर्भ तो सामना मात्र हरला. आणि 2024-25 मध्ये, सरवटे केरळला गेल्यावर, दुबेने 69 बळी घेतले. एका रणजी मोसमातला हा विक्रम. दोन वर्षे तो कुणाच्या तरी सावलीत टाकत होता म्हणून त्या 69 बळींना आधार होता. संघ हरतोय म्हणून त्याला 2022 मध्येच एकट्याने ओझे उचलायला लावले असते तर काय झाले असते, हे अर्थातच मलाही सांगता येणार नाही. सांगू लागलो तर मीही कल्पनेतल्या धावा मोजणाऱ्यांत सामील होईन.

आणि ज्याची जागा गेली त्याचे काय? केरळच्या कपड्यांत जामठ्याच्या खेळपट्टीवर उतरून सरवटेने 2025 च्या त्या अंतिम सामन्यात विदर्भाविरुद्ध 79 धावा काढल्या. गुरबानी महाराष्ट्राच्या संघात गेला. पानठेल्यावर पुढच्या मोसमात कुणाचे नाव निघेल ते निघो. निदान ज्यांना आपण एकेकाळी ‘आता पुरे’ म्हणून निरोप दिला त्यांचे आकडेही कुणीतरी शेजारी लिहून ठेवावेत.