डिपर वायरिंगमध्येच द्या!

रात्री साडेअकराला आरेच्या रस्त्यानं पवईकडून गोरेगावला कधी आला आहात? झाडांमुळे आधीच अंधार, त्यात समोरून एखादी एसयूव्ही येते. बंपरवर दोन पांढरेफट्ट एलईडी. दोन सेकंद तुम्हाला रस्ता दिसत नाही, खड्डा दिसत नाही, कडेनं चालणारा माणूसही दिसत नाही. ताशी ६० किलोमीटरच्या वेगात या दोन सेकंदांत तुमची गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते. म्हणजे लोकलच्या साधारण दीड डब्याएवढं अंतर तुम्ही अंदाजानं काढलंत.

अशा वेळी शिवी तोंडात येतेच. पण हे दिवे लावणारे दुसरे कोण असतात? आपल्याच ग्रुपमधले. पावसाळ्यात माळशेजला जायचं ठरतं, धुक्यात रस्ता दिसत नाही, मग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जाऊन जादा दिवे बसवले जातात. गरज खोटी नाही. चूक होते ती पुढे. घाटासाठी लावलेला तोच फुल्ल उजेड आपण घाटकोपरच्या सिग्नलवरही तसाच ठेवतो.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०६ सांगतो, की दिव्यापासून आठ मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला झोत दिपवता कामा नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर गाडीत नियमबाह्य बदल केल्यास मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही होऊ शकतं.

पण दंडाच्या भीतीपेक्षा सोपा उपाय वायरिंगमध्येच आहे. चार पिनांचा रिले घ्या. ३० नंबरच्या पिनेला फ्यूजमधून बॅटरी, ८७ ला दिवे, ८५ ला अर्थ. आता ८६ ची वायर थेट बॅटरीला जोडू नका. ती हाय बीमच्या वायरवरून घ्या, मध्ये स्विच टाका. म्हणजे तुम्ही डिपर दिलात, की जादा दिवेही आपोआप बंद. लक्षात ठेवायची गरजच नाही. ५५ वॅटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर साधारण नऊ अँपिअर खेचतात, म्हणून १५ अँपिअरचा फ्यूज बॅटरीजवळच हवा. पातळ वायरवर हा भार टाकलात तर ती तापते आणि गाडी पेटू शकते.

उजेड कमी-जास्त करायचाय? हॅलोजनचे दोन बल्ब सिरीजमध्ये जोडले तर प्रत्येकाला सहाच व्होल्ट मिळतात आणि उजेड जवळजवळ दहाव्या हिश्श्यावर येतो. शहरात गाडी नुसती दिसावी, एवढ्यापुरतं ते चालतं. एलईडीला मात्र ही युक्ती लावू नका, आतलं सर्किट गडबडतं. त्यासाठी डिमर मिळतो. तो दिवा सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतो, डोळ्यांना फक्त मंद उजेड दिसतो. पण आपला एलईडी डिमरवर चालतो का, हे विकत घेतानाच विचारा. आणि हात साफ नसेल, तर काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. फक्त ८६ ची वायर कुठून घ्यायची, हे त्याला तुम्ही सांगा. तुम्ही सांगितलं नाहीत, तर तो सोपा मार्ग धरून थेट जोडून मोकळा होईल.

काम झालं, की सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी उभी करा, लो बीम लावा आणि मित्राला आठ मीटरवर थोडं वाकून उभं राहायला सांगा. त्यानं डोळ्यांवर हात धरला, तर दिवे अजून खाली वळवा. मग जागांची अदलाबदल करा आणि तुम्ही तिथे उभे राहा. रात्री जेव्हीएलआरवर समोरून येणारा स्कूटरवाला नेमका तिथेच असतो. एखाद्या रात्री तो तुमच्याच घरातला कुणीतरी असेल.