जुन्या डोंगरी सायकलीची ओळख

सायकल जुनी झाली म्हणजे तिनें भंगारांत जावें, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु अमेरिकेंत व युरोपांत ज्या जुन्या सायकली हौसेनें जपल्या जातात, त्यांत डोंगरांतून हांकण्यासाठीं बांधलेल्या पहिल्या सायकलींचा मान मोठा आहे. रंग उडालेला, चाकें नसलेला असा एखादा सांगाडा अडगळींतून निघाला, कीं पाहणारा लागलाच विचारतो, 'हा कोणाचा?' उत्तराची घाई करून त्यास थोर नांव चिकटविणें आणि उत्तर मिळण्यापूर्वींच तो घासूनपुसून नवा करणें, हीं दोन्ही कृत्यें आमच्या मतें सारखींच घातक होत.

विद्यार्थिमित्रहो, प्रथम थोडा इतिहास पहा. कॅलिफोर्नियांत, सान फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस, मरीन नांवाचा जिल्हा आहे. तेथील टॅमल्पाइस पर्वताच्या परिसरांत कांहीं तरुण जाड टायरांच्या जुन्यापुराण्या सायकली घेऊन उतारावरून भरधाव सुटत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजीं त्यांनीं तेथें पहिली शर्यत लावली. सुमारें दोन मैलांत १३०० फूट उतार! मागच्या हबांतील ब्रेक असा तापे, कीं आंतील वंगण जळून जाई व हब उघडून तें पुन्हा भरावें लागे. त्यावरूनच त्या वाटेस 'रीपॅक' हें नांव पडलें. हा मार जुन्या सांगाड्यांस सोसेना. तेव्हां त्यांच्यांतीलच जो ब्रीझ यानें १९७७ सालीं खास या कामासाठीं नवा सांगाडा बांधला आणि पुढच्या वर्षीं तसेच आणखी नऊ पुरे केले. टॉम रिची यानें बांधलेले सांगाडे १९७९ पासून गॅरी फिशर व चार्ल्स केली हे विकूं लागले, आणि १९८१ सालीं जपानांत तयार झालेली 'स्टंपजंपर' बाजारांत आली. त्यानंतर अनुकरणाचा पूर लोटला.

ओळखण्यांतील सारी अडचण या पुरामुळें आहे. एकाच कारखान्याच्या नळ्या अनेकांनीं वापरल्या. एकाच कारखान्यांतून निरनिराळ्या नांवांचे सांगाडे बाहेर पडले. रिचीच्या सायकलींचा तो प्रसिद्ध त्रिकोणी हँडल इतरांनीं इतका उचलला, कीं त्यावरून आज कांहींच सिद्ध होत नाहीं. राहतां राहिलें सांगाड्यावरचें नांव. पण नांवाच्या चिठ्ठ्या नव्या छापून मिळतात! इतिहासाचार्य राजवाडे यांनीं बखरीपेक्षां अस्सल कागदास अधिक मान दिला. येथें चिठ्ठी ही बखर समजावी आणि धातु हा अस्सल कागद.

तो कागद वाचावा कसा? सांगाडा उलटा करावा. पायडलांचा आंस ज्या आडव्या नळींत फिरतो, तिच्या बुडाशीं बहुधा क्रमांक ठोकलेला असतो. मात्र प्रत्येक कारागिराची आंकड्यांची रीत निराळी, म्हणून त्याच कारागिराच्या दुसऱ्या खात्रीच्या नमुन्याशीं ताडून पाहिल्यावांचून तो आंकडा मुकाच राहतो. क्रमांक कानशीनें घासून काढलेला दिसला, तर सायकल चोरीची असण्याचा संभव धरून पुढील खटपट तेथेंच थांबवावी व पोलिसांस कळवावें.

मग सांधे पहावेत. नळ्या खोबणींत बसवून जोडल्या आहेत, कीं पितळेचा डाग देऊन सांधा गुळगुळीत वळणदार केला आहे, कीं वेल्डिंगच्या बारीक लहरी दिसतात? सांध्यांत कारागिराचा हात जसा दिसतो तसा दुसऱ्या कशांतही दिसत नाहीं, आणि खोट्या चिठ्ठीस तो साधत नाहीं. ब्रीझच्या पहिल्या दहा सांगाड्यांत पुढच्या डोक्यापासून मागच्या आंसापर्यंत दोन बारीक तिरक्या नळ्या गेलेल्या आहेत. मागचा ब्रेक आडव्या नळ्यांच्या खालच्या बाजूस बसविण्याची सोय असेल, तर काळ बहुधा १९८६ ते १९८८ च्या आसपासचा. चिखल भरून राहतो म्हणून ती टूम लौकरच मागें पडली. मागच्या चाकाची रुंदी १२६, १३० कीं १३५ मिलिमीटर, हेंही मोजावें; पण पोलादी सांगाडा मागाहून वांकवून रुंद करतां येतो, हें ध्यानांत ठेवून.

सुटे भागही साक्ष देतात. शिमानो कारखान्याच्या त्या काळच्या भागांवर दोन अक्षरें ठोकलेलीं आढळतात. पहिलें वर्षाचें, दुसरें महिन्याचें. 'ए' म्हणजे १९७६, या हिशेबानें 'के' म्हणजे १९८६. एकच भाग बदललेला असूं शकतो. पांचसहा भाग एकाच वर्षाचे निघाले, तर साक्ष भक्कम.

हें सर्व होईतों रंगास हात लावूं नये. नव्या रंगाच्या हव्यासानें सांगाडा वाळूच्या माऱ्याखालीं दिला, कीं जुना थर, चिठ्ठीची उरलेली कड आणि अर्धवट बुजलेला आंकडा, सर्व एका घटकेंत जातें, आणि त्यानंतर मालकानें कितीही शपथा वाहिल्या तरी विकत घेणाऱ्यानें विश्वास कशावर ठेवावा? पालकवर्गास आमची विनंती अशी, कीं मुलांनीं अशी वस्तु घरीं आणल्यास 'आधीं तिला स्वच्छ कर' असें एकदम म्हणूं नये. मऊ फडक्यानें धूळ पुसावी, नळ्यांच्या आंत थोडें तेल सोडावें, इतकेंच पुरे. ब्रीझचा पहिला सांगाडा आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहांत आहे. प्रत्येक अडगळींतून त्याचा भाऊ निघणें शक्य नाहीं. शोध लागला नाहीं, तर मापें, क्रमांक व सांध्यांचें वर्णन एका कागदावर उतरून तो सांगाड्यासच बांधून ठेवावा, आणि नांवाच्या जागीं 'कारागीर अज्ञात' असें लिहावें.